सोपारा, वसई, आगाशी एका दिवसात: सहल चांगली, किल्ल्याची वेळ चुकीची

पैसे वसूल झाले का, ते आधीच सांगते. झाले. माणशी १,८०० रुपयांत सकाळी नालासोपारा स्टेशनपासून रात्री विरार स्टेशनपर्यंतचा प्रवास, गाइड, दुपारचं जेवण आणि संध्याकाळचं खाणं. मात्र जाहिरातीत ज्या वसई किल्ल्याचा मोठा फोटो होता, त्यानं ते वसूल केले नाहीत. सोपाऱ्याचा स्तूप आणि निर्मळजवळच्या एका घरातलं जेवण यांनी केले. किल्ल्याचा तर विचकाच झाला, त्याबद्दल खाली लिहिते.

सोबत सासूबाई होत्या. वय ७४, गुडघे कुरकुरणारे, शाकाहारी आणि शंका विचारायला अजिबात न लाजणाऱ्या. अशा सहलीची खरी परीक्षा अशाच माणसाला घेऊन गेल्यावर होते. गाइड मुलगी पंचविशीतली, निर्मळकडच्या ख्रिस्ती घरातली, घरी वसईकडची सामवेदी बोली बोलणारी. तिनं पहिल्यांदा "आजी, सावकाश उतरा" म्हटल्यावर सासूबाईंनी "आजी नको, काकू म्हण" असं बजावलं. तिथून दिवसभर "काकू, इकडे सावली आहे" असं चाललं होतं.

नालासोपारा म्हटलं की आपल्यासमोर गर्दीची लोकल येते. स्टेशनच्या पश्चिमेला थोडं आत गेलं की वस्तीच्या मध्येच विटांची एक टेकडी लागते, हाच सोपाऱ्याचा स्तूप. गावात तिला बुरूड राजाचा कोट म्हणायचे. पुरातत्त्वज्ञ पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली तिथे खोदकाम केलं, तेव्हा आत दगडी करंडा सापडला. करंड्यात तांब्याची डबी, तिच्यात चांदीची, मग दगडाची, मग स्फटिकाची आणि सगळ्यात आत सोन्याची. सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे होते. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे असावेत असं मानलं गेलं. बाजूला ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती आणि सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणं. हा ऐवज आता मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे आहे, त्यामुळे जागेवर फक्त विटा दिसतात. गाइडनं हे आधीच सांगून टाकलं आणि मग एकात एक बसणारे पाच स्टीलचे डबे पिशवीतून काढले. एकेक डबा उघडत ती बोलत गेली. शेवटच्या डबीत खापरीचा तुकडा. आमच्यातली दोन शाळकरी मुलं तोवर मोबाइलमध्ये होती, तीही उठून जवळ आली.

सोपाऱ्यात अशोकाचे शिलालेखही सापडले. आठव्या लेखाचा तुकडा १८८२ मध्ये आणि नववा लेख १९५६ मध्ये, शेजारच्या भुईगावात. नववा लेख आता छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. गाइडकडे त्याचा मराठी मजकूर होता, तो तिनं तिथेच उभं राहून वाचला. लोक आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना नाना विधी करतात. त्यातही बायका तर कितीतरी क्षुल्लक, निरर्थक विधी करतात. खरा विधी म्हणजे नोकरचाकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान ठेवणं, प्राण्यांना न दुखवणं. सासूबाईंनी लगेच विचारलं, "बायकाच का? पुरुष काय कमी करतात?" सगळे हसले. पण गाइडनं प्रश्न हसण्यावारी नेला नाही. घरचे विधी बायकांच्याच गळ्यात असायचे आणि राजाला ते बाहेरून दिसत होते, असं ती म्हणाली. सासूबाईंचं पूर्ण समाधान झालं नाही, पण आपल्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं याचंच त्यांना अप्रूप वाटलं. पाठ केलेली टेप लावणारे गाइड मी भरपूर ऐकलेत, ही त्यातली नव्हती.

चक्रेश्वर तळ्याकाठच्या देवळातली ब्रह्मदेवाची उभी मूर्ती पाहिली. माणसाएवढी आहे, आवर्जून बघा. निर्मळला तळं, कार्तिकातल्या यात्रेचं शंकराचार्यांचं मंदिर आणि होली क्रॉस चर्च असं धावत झालं. मंदिराच्या पायऱ्यांमुळे सासूबाई खालीच बसल्या. पायऱ्या आहेत हे बुकिंगच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं.

आता जेवण. हॉटेल नाही, एका ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबाचं घर. मागच्या पडवीत कढई चढवलेली होती आणि घरच्या मावशी फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, तेलात सोडत होत्या. मैदा, नारळाचं दूध, अंडं घालून रात्री आंबवलेलं सैलसर पीठ. पूर्वी आंबवायला ताडी घालत, आता यीस्ट. मावशी डाव्या मुठीत पीठ घेऊन मूठ आवळायच्या, अंगठा आणि तर्जनीच्या फटीतून लिंबाएवढा गोळा वर यायचा, तो उजव्या हाताच्या ओल्या बोटांनी तोडून तेलात. गोळा तळाला जाऊन वर येतो आणि आपोआप कुशीवर वळतो. आमच्यातल्या एका काकांनी हौसेनं प्रयत्न केला, त्यांच्या फुग्याला शेपटी आली. मावशी म्हणाल्या, "असू दे, उंदीर म्हणून पोरांना द्या."

फुग्यांसोबत चिकनचं इंदेल, म्हणजे आंबट-तिखट रस्सा होता. व्हिनेगरचा आंबटपणा आधी लागतो आणि मिरची मागाहून येते. रस्सा फुग्यानं पुसून घ्यायचा, चमचा मागू नका. शिवाय बाटली मसाल्यातलं सुकं बोंबील-बटाटा आणि तांदळाची भाकरी. बाटली मसाला उन्हाळ्यात भाजून, कुटून गडद रंगाच्या बिअरच्या बाटल्यांत ठासून भरतात, म्हणजे उजेड लागत नाही आणि वर्षभर टिकतो. मावशींनी बाटली आणून बूच काढून सगळ्यांना वास दिला. विकत मिळेल का विचारलं तर म्हणाल्या, यंदाचा संपत आला, मे महिन्यात या.

शाकाहारी लोकांसाठी आयोजकांनी काय ठेवावं? पनीर. वसईत पनीर! ज्या वाड्यांमधून पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला भाजी, फुलं आणि केळी गेली, तिथे येऊन लाल रश्शातलं पनीर खायचं असेल तर प्रादेशिक खाद्य हा शब्द जाहिरातीत कशाला घालायचा? सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण ताटातला हात थांबला. मावशींच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी घरच्यांसाठी केलेली केळफुलाची भाजी आणून वाढली. या सहलीतला सगळ्यात चांगला शाकाहारी पदार्थ मेनूवर नव्हताच. आयोजकांना मी हे लिहून कळवलंय.

आणि मग, भरल्या पोटी, दुपारी दोन वाजता किल्ला. जानेवारीचा शेवट होता, तरी त्या उघड्या मैदानात डोकं तापलं. दिवसाचा क्रम कुणी ठरवला त्याला एकदा त्या वेळेला तिथे उभं करायला हवं. हा काही बुरूज-दरवाजे बघून परतण्याचा किल्ला नाही, तटाच्या आत अख्खं शहर होतं. गुजरातच्या बहादूरशहानं १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली. पुढच्या दोनशे वर्षांत आत फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट अशा पंथांची चर्च उभी राहिली. त्यांचे सांगाडे आज झाडोऱ्यातून डोकावतात. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज अक्षरं कोरलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत, त्या वाचायलाच तास हवा. आम्हाला मिळाली दहा मिनिटं. संत गोन्सालो गार्सिया याच वसईचे, १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर गेलेले. त्यांच्या नावाचं चर्च लांबूनच दाखवलं. सगळा किल्ला सव्वा तासात उरकला, त्यातली वीस मिनिटं प्री-वेडिंगवाल्यांचा ड्रोन खाली उतरायची वाट बघण्यात गेली.

तरी गाइडनं घंटांची गोष्ट सांगितली ती आवडली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्यानंतर इथल्या चर्चच्या घंटा मराठी मुलखात गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यातलीच. भीमाशंकरला आणि मेणवलीच्या घाटावर अशाच घंटा आहेत. मेणवलीची घंटा मी लहानपणापासून पाहत आलेय, तीवर क्रूस का आहे हे मात्र घरात कुणी सांगितलं नव्हतं. पोर्तुगीजांना बायकापोरांसह सुखरूप निघून जाऊ दिलं, हेही तिनं आठवणीनं सांगितलं. तोफेच्या तोंडी बांधून माझं डोकं तरी किल्ल्यात पाडा, ही चिमाजी अप्पांची गोष्ट ग्रुपमधल्या एकांनी मोठ्या आवेशात ऐकवली. तिनं ऐकून घेतलं, "ही गोष्ट सगळीकडे सांगतात" एवढंच म्हणाली आणि सुरुंगांनी तट कसा फोडला त्याकडे वळली. १८०२ च्या वसईच्या तहाला मात्र एका वाक्यात गुंडाळलं. दुसऱ्या बाजीरावानं ३१ डिसेंबरला सही केली आणि पेशवाई इंग्रजांच्या दावणीला बांधली गेली, त्याच गावात उभं राहून एवढंच?

किल्ल्यापासून आगाशी म्हणजे पार उलट दिशा. रविवारचं ट्रॅफिक, एसी नावापुरता. सव्वा तास गाडीत. आगाशीला पोचेपर्यंत वैताग आला होता, भुजिंगानं मात्र राग घालवला. कोळशावर भाजलेलं मसाल्याचं चिकन, त्यात पोहे, बटाट्याचे काप, कढीपत्ता आणि हिरवी मिरची, सगळं गरमागरम एकत्र परतलेलं. पोहे कोरडे राहतात आणि चिकनचा धुरकट मसाला ओढून घेतात. कागदात बांधून घरी नेऊ नका, मऊ पडतात. शाकाहाऱ्यांसाठी इथे नुसते पोहे-बटाटा परतून देतात, पण सांगावं लागतं. शेजारीच सुकेळी मिळाली. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली, बाहेरून चिवट आणि आत मधासारखी. सासूबाईंनी दोन पाकिटं घेतली, तिसरं माझ्या पैशानं.

बुक करणार असाल तर दोन गोष्टी आधीच फोनवर पक्क्या करा. शाकाहारी असाल तर पनीर नको, घरच्या भाज्या द्या म्हणून सांगा, मावशी करतात. आणि किल्ला सकाळी घेणार का ते विचारा. नाही म्हणाले तरी सोपाऱ्यासाठी जा, किल्ला पुन्हा कधीतरी स्वतःचा स्वतः बघा. स्वच्छतागृह दिवसभरात दोनच ठिकाणी धड मिळालं, जेवणाच्या घरी आणि वाटेतल्या एका हॉटेलात. गुडघेदुखीवाल्यांनी निर्मळच्या पायऱ्या सोडल्या तरी चालेल. किल्ल्यासाठी मीरा-भाईंदरकडून येणाऱ्यांना ट्रेनची गरजही नाही, २०२४ पासून भाईंदर-वसई रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, सुरू आहे आणि ती किल्ल्याजवळच्या जेट्टीलाच लागते.