‘शार्क’चं पॅकेज घेण्याआधी टेप आणि टॉर्च काढा

घरच्या पुलात शार्क पाळायच्या पॅकेजचा सौदा साधारण असा असतो: १२ फुटी फ्रेमचा पूल, मोटर, फिल्टर, मिठाच्या दोन गोण्या आणि चार ‘शार्क’. निम्मे पैसे आगाऊ, उरलेले पाणी भरलं की. यात धडधडीत खोटं फारसं नसतं, आणि माणूस फसतो तो त्यामुळेच.

पिशवीतून येतात ते बोटभर पंगास, म्हणजे मांजरमाशाची एक जात. अ‍ॅक्वेरियमच्या धंद्यात त्यांना शार्क म्हणायचा रिवाज जुना आहे. दुकानात त्यावर कुणी भांडत नाही, कारण तिथे ते पंगासच्याच भावात मिळतात. पॅकेजमध्ये भाव शार्कचा लागतो. पिशवी उजेडाकडे धरा. तोंडापाशी मिशा आणि डोक्यामागे उघडझाप करणारं झाकण दिसलं, तर तो मांजरमासा. शार्कला झाकण नसतं, कल्ल्यांच्या उघड्या फटी असतात, बहुतेक जातींत पाच. कोळणीच्या पाटीतली मुशी, म्हणजे लहान शार्क, मुंबईत कोणी पाहिलेली नाही? पण पिशवीतला मासा मात्र कोणी निरखत नाही. पंगासही काही लहान राहत नाही, मीटरभराच्या पुढे जातो. ‘मोठा झाला की परत घेतो’ हे म्हणूनच कुणी लेखी देत नाही.

बांबू शार्कचं, म्हणजे एका छोट्या खऱ्या शार्कचं, अंडं देऊ केलं, तर अंधारात मागून टॉर्च लावा. ते फुटायला साधारण चार महिने लागतात. दोन महिन्यांच्या अंड्यात वळवळणारं पिल्लू दिसायलाच हवं. नुसता गढूळ बलक दिसला, तर अंडं वाया गेलेलं आहे.

आता लिटर. १२ फूट व्यास म्हणजे ३.६६ मीटर. व्यास गुणिले व्यास गुणिले ०.७८५ गुणिले पाण्याची उंची, सगळं मीटरमध्ये. उत्तराला हजाराने गुणलं की लिटर. ७६ सेंटिमीटरचा पूल काठोकाठ भरला तरी ८,००० लिटरच होतात, आणि काठोकाठ कुणी भरत नाही. ६० सेंटिमीटरला ६,३०० लिटर. सांगितलेले असतात १०,०००. समुद्राच्या पाण्याला लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार लागतात, म्हणजे या पुलाला सुमारे २२० किलो मरीन सॉल्ट. पॅकेजमधल्या २५ किलोच्या दोन गोण्यांनी पाणी नुसतं खारट लागेल. त्यातही गोण्या खड्या मिठाच्या निघाल्या, तर कॅल्शियम, मॅग्नेशियम हवं त्या प्रमाणात मिळणारच नाही.

पुलासोबत येणारा कागदी कार्ट्रिजचा फिल्टर क्लोरीनच्या पाण्यासाठी केलेला असतो. तो कचरा धरतो, पण मोठ्या माशांच्या विष्ठेचा अमोनिया पचवू शकत नाही. अमोनियासाठी जिवाणू वसलेलं बायो-मीडिया, म्हणजे जिवाणूंना चिकटायला जागा देणारं सच्छिद्र साहित्य लागतं, आणि ते वसायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर पाणी काचेसारखं दिसत असतं आणि मासे वर येऊन हवेसाठी तोंड उघडझाप करत असतात. ‘हिरवं झालं तर टाका’ म्हणून दिलेल्या बाटलीवर कॉपर सल्फेट लिहिलं असेल तर ती परत करा. तांबं शार्कच्या जिवावर उठतं.

गच्चीचं काय, हे विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘टाकी आहेच की वर.’ टाकी कॉलम-बीमवर बसवलेली असते, पूल नुसत्या स्लॅबवर बसतो. ६० सेंटिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला ६०० किलो. आयएस ८७५ या इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकात वापरातल्या गच्चीसाठी धरलेला भार सुमारे १५० किलो आहे. पूल तळमजल्यावर, पक्क्या जमिनीवरच.

उरलेले पैसे ‘पाणी भरलं की’ नव्हे, तर जिवाणू वसून अमोनिया आणि त्यापासून बनणारं विषारी नायट्राइट दोन्ही शून्य आल्यावर, टेस्ट किट समोर ठेवून द्यायचे. बिलावर माशाचं शास्त्रीय नाव आणि लिटर लिहून घ्या. माल वेगळा निघाला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. ऑनलाइन आगाऊ रक्कम घेऊन फोनच बंद झाला तर सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०, आणि तेही त्याच दिवशी.