स्की रिसॉर्टवर सीझन करायचाय? अमेरिकेचा जे-१ की ऑस्ट्रेलियाचा ४६२

गेल्या रविवारी मावसभाऊ कोथरूडला घरी आला होता, हॉटेल मॅनेजमेंट झालंय, पुण्यातच नोकरी करतोय आणि आता त्याला एक सीझन बर्फात काढायचाय. दोन वर्षांपूर्वी मी ह्याच जागी होतो, त्यामुळे त्याला जे सांगितलं तेच लिहितो. जे-१ म्हणजे अमेरिकेचा एक्स्चेंज व्हिसा आणि ४६२ म्हणजे ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा. वयाची अट, बँकेतली शिल्लक वगैरे तुम्ही बघितलंच असेल, ते सोडून देतो.

आधी एक गैरसमज. अमेरिकेतल्या रिसॉर्टवर पेरू, अर्जेंटिनाची कॉलेजची पोरं डिसेंबरपासून लिफ्टवर काम करताना दिसतात ती समर वर्क ट्रॅव्हलवर, म्हणजे विद्यार्थ्यांनी सुट्टीत काम करायच्या जे-१ वर, कारण त्यांची उन्हाळ्याची सुट्टी तेव्हा असते. आपली पडते मे महिन्यात, म्हणून बर्फासाठी तो मार्ग आपल्या उपयोगाचा नाही. एच-२बी, म्हणजे अमेरिकेचा सीझनल कामाचा व्हिसा, वर्षाला ६६,००० जणांना आणि त्यातले हिवाळ्याच्या सहामाहीला ३३,०००, शिवाय सगळं मालकाने करायचं, मला तरी पुण्यात बसून तसा मालक सापडला नाही. राहिला जे-१ चा ट्रेनी किंवा इंटर्न, हॉस्पिटॅलिटीत जास्तीत जास्त १२ महिने.

जे-१ वाईट नाही हे मनापासून सांगतो. त्यात लॉटरी नाही. फ्रंट ऑफिस, रेस्टॉरंट असं फिरवून शिकवतात, सीव्हीवर मोठ्या रिसॉर्टचं नाव येतं, आणि परत येऊन दोन वर्षं भारतात राहायची जी अट स्किल्स लिस्टमुळे आपल्याला लागायची, त्या यादीतून डिसेंबर २०२४ मध्ये भारताचं नाव निघालं. ज्याला पुढे हॉटेल लाइनमध्येच करिअर करायचंय त्याने ह्याचा नक्की विचार करावा.

माझं घोडं अडलं ते डीएस-७००२ वर. हा ट्रेनिंग प्लॅन, म्हणजे कुठल्या महिन्यात कुठल्या डिपार्टमेंटला काय शिकणार ते सगळं लिहून त्यावर तुमची, रिसॉर्टची आणि स्पॉन्सरची (अमेरिकी सरकारने मान्यता दिलेली संस्था) सही. स्पॉन्सरशिवाय जे-१ होतच नाही आणि मी स्पॉन्सरपर्यंत एका एजन्सीमार्फत गेलो होतो. पहिला प्लॅन कोलोरॅडोच्या रिसॉर्टचा आला, सही करून दिला. तीन आठवड्यांनी फोन, त्यांनी जागा कमी केल्या, आता युटा. परत प्लॅन, परत सही. मग तिसरा आला तो उघडला तर वर रिसॉर्टचं नाव नवीन आणि खाली दुसऱ्या पानावर जुन्याच रिसॉर्टच्या रेस्टॉरंटचं नाव तसंच राहिलेलं, म्हणजे कोणी वाचलंसुद्धा नव्हतं. विचारलं तर म्हणे सही करून टाका, तिथे गेल्यावर बघू. मी म्हटलं, त्या कागदावर जे नाव आहे तिथेच मला काम करता येणार, बाहेर एक शिफ्टसुद्धा केली तर व्हिसा धोक्यात, आणि तुम्ही म्हणता गेल्यावर बघू? रात्रभर झोप लागली नाही. सकाळी नाही म्हणून कळवलं, भरलेले पैसे सगळे परत आले नाहीत, ते गेले.

४६२ चं कसं, तर व्हिसा कुठल्याच मालकाच्या नावाचा नसतो. अट एवढीच की एका मालकाकडे सहा महिन्यांपेक्षा जास्त नाही, आणि तिकडचा स्की सीझनच जूनच्या लाँग वीकेंडपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, त्यामुळे ती अट आड येत नाही. अडचण आहे ती नंबर लागण्याची. भारताला वर्षाला १,००० जागा, ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्यासाठी पहिल्यांदा बॅलट, म्हणजे लॉटरी, उघडलं, २५ ऑस्ट्रेलियन डॉलर भरून मोबाईलवरूनच नाव टाकलं. नाव निघालं की २८ दिवसांत अर्ज करायचा, तेव्हा फी ६५० ऑस्ट्रेलियन डॉलर होती. माझं नाव निघालं, हे नशीबच, ते मी नाकारत नाही.

मी जिंडाबाइन गावात राहून पेरिशर ह्या स्की रिसॉर्टच्या एका लॉजच्या किचनमध्ये भांडी आणि प्रेपवर होतो. सकाळी बुलक्स फ्लॅटहून स्कीट्यूब ट्रेन पकडायची, बोगद्यातून वर निघालं की कधी सगळं पांढरं तर कधी नुसतं धुकं. जुलैत एकदा तीन दिवस बर्फावर पाऊस पडला, लोकांनी बुकिंग कॅन्सल केलं आणि माझ्या पाच शिफ्टच्या दोन झाल्या. कॅज्युअलवर असंच असतं, तासाचा दर चांगला पण तासांची खात्री नाही. मी त्याच संध्याकाळी गावातल्या एका बेकरीत विचारलं आणि दोन दिवसांनी पहाटे चारपासून तिथे लागलो. कोणाची परवानगी नाही की नवा फॉर्म नाही. माझा एक मित्र जे-१ वर अमेरिकेत होता, त्याचेही तास असेच कमी झाले तेव्हा तो रूमवर बसून होता कारण दुसरीकडे काम करायची सोय नव्हती, आणि रूमचं भाडं पगारातून कापलं जातच होतं. बर्फ पडणं काही कोणाच्या हातात नाही, म्हणून माझ्यासाठी तरी ही एक गोष्ट बाकी सगळ्यावर भारी पडली.

४६२ चे तोटेही सांगतो. १५% टॅक्स पहिल्या डॉलरपासून कापतात. मालक सुपर (तिकडचा पीएफ) भरतो पण देश सोडताना ते काढलं तर ६५% टॅक्समध्ये जातं, त्यामुळे ते पैसे हिशोबात धरूच नका. आणि ट्रेनिंग म्हणाल तर कोणी हाताला धरून शिकवत नाही.

तुमचं गणित वेगळं असू शकतं. पण मावसभावाला मी सांगितलं की बॅलट उघडलं की पहिल्यांदा तिथे नाव टाक, नाही लागलं तर जे-१ आहेच, फक्त एजन्सीला पैसे द्यायच्या आधी रिसॉर्ट बदललं तर पैसे परत मिळणार का ते लेखी घे. बॅलटच्या रजिस्ट्रेशनला पासपोर्ट आणि पॅन लागतं. त्याच्या पॅनवर वडिलांचं नाव मध्ये आहे, पासपोर्टवर नाही, तेव्हा सोमवारी सकाळी तो आधी ते दुरुस्त करायला गेला.