पावती क्रमांक ०१४७

मी पावती पुस्तकं छापतो. कोल्हापुरात मंगळवार पेठेत वडिलांपासूनचा छोटा प्रेस आहे. हंगामात लग्नपत्रिका, बाकी वर्षभर बिलबुकं, मंडळांची वर्गणी पुस्तकं, सोसायट्यांची लेटरहेडं. खरी पावती कशी दिसते हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. आणि मलाच एका पावतीनं गंडवलं. त्या लाजेपोटी हे लिहायला आठ महिने गेले. शेवटी बायको म्हणाली, "लिहा आता. नाहीतर दुसरं कोणतरी त्याच गेटावर जाऊन उभं राहील."

गोष्ट आषाढातल्या शेवटच्या रविवारची. पुण्याहून भाऊ, वहिनी आणि पुतणी आले होते. श्रावण लागायच्या आत कुठंतरी बाहेर जाऊन पावसात भिजायचं आणि तांबडा-पांढरा ओरपायचा, एवढाच बेत. राधानगरी झालेली, पन्हाळा तर पाठ आहे. पुतणीला "तलाव आणि धबधबा दोन्ही पाहिजे, आणि जंगलपण." तेवढ्यात मोबाईलवर एक रील आलं : 'पावसातली चांदोली, एक दिवसाची सफर. कांधार डोह धबधबा, वसंत सागरावर बोट, जंगल सफारी, जेवण तांबडा-पांढरा. माणशी १,४५०.' पुतणीनं मागितलेलं सगळं एकाच ताटात वाढून आलं होतं.

रीलवरच्या नंबरला व्हॉट्सॲप केलं. दोन मिनिटांत फोन.

"बोला दादा, कितीजण येतासा?"

हा 'येतासा' तिथंच काम करून गेला. पलीकडून कुणी छापील मराठीत किंवा हिंदीत बोलला असता तर मी दहा प्रश्न विचारले असते. हा म्हणाला, मी कळंब्याचाच. मग म्हणाला, "तुमचा प्रेस मिरजकर तिकटीच्या अलीकडंच काय? आलोय मी तिकडं." मी गार. म्हटलं, आपलाच माणूस. पुढं कितीतरी दिवसांनी डोक्यात उजेड पडला : माझ्या व्हॉट्सॲपच्या बिझनेस प्रोफाईलवर प्रेसचं नाव, पत्ता, दारापुढचा फोटो, सगळं आहे. तो तिकटीला नव्हता आला, माझ्या प्रोफाईलवर आला होता.

त्यानं पाठवलेली माहितीही चोख होती. चांदोलीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा २००४ साली मिळाला, क्षेत्र सुमारे ३१७ चौरस किलोमीटर, कोल्हापूर, सांगली, सातारा आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांना लागून. २०१० मध्ये कोयनेबरोबर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात, २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात. वारणेवरच्या धरणाची साठवण ३४.४० टीएमसी. भावानं तिथल्या तिथं ताडून बघितलं, सगळं बरोबर. आता वाटतं, खोटं त्यात एकच होतं आणि ते आम्ही ताडलंच नाही : 'पावसातली'.

कारण चांदोली पावसाळ्यात बंद असते. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत आत पर्यटक सोडत नाहीत. व्याघ्र प्रकल्पाचा गाभा आहे तो, आतले कच्चे रस्ते पावसात राहत नाहीत, ओढे चढतात. आणि धबधबे म्हटलं की आपल्याला पाऊसच आठवतो. म्हणजे ज्या महिन्यांत धबधबा बघावासा वाटतो त्याच महिन्यांत ते उद्यान कुलूपबंद. ठगाचा सगळा धंदा ह्या एवढ्याशा फटीत बसलेला. हिवाळ्यात असलं पॅकेज कुणी विकलं असतं तर लोक स्वतःच गाडी काढून गेले असते; पावसाळ्यात मात्र 'आमची स्पेशल परमिशन असती दादा' ह्या वाक्याला भाव येतो. आम्हाला ती स्पेशल परमिशन ऐकून उलट बरंच वाटलं होतं, हे कबूल करतो.

आम्ही सातजण. दहा हजार एकशे पन्नास. पाच हजार ॲडव्हान्स. पैसे पाठवताना ॲपवर भलत्याच माणसाचं नाव आलं. बोट थांबलं माझं. फोन केला तर म्हणाला, "आमच्या अकाउंटंटचं हाय ते, फर्मचं खातं सध्या जीएसटीच्या कामात अडकलंय." जीएसटी म्हटलं की धंदेवाला माणूस पुढं विचारत नाही, त्याच्या पोटात स्वतःचा गोळा उठतो. पाठवले. दोन दिवसांनी परवाना आणि बोटीचे एकवीसशे आधी भरावे लागतात म्हणून मागितले, तेही दिले. शनिवारी रात्री उरलेले तीन हजार पन्नास, "जेवणाचं मटण सकाळी आणाय लागतंय" म्हणून.

एकवीसशे दिल्यावर पावती आली. तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, माझा प्रांत आहे.

पीडीएफ होती. वर डावीकडं सिंहमुद्रा, उजवीकडं वाघाचं तोंड. मधे 'महाराष्ट्र शासन, वन विभाग', खाली 'चांदोली राष्ट्रीय उद्यान प्रवेश व नौकाविहार परवाना'. चौकटीला दुहेरी रेघ. पावती क्रमांक ०१४७, तिरक्या लाल आकड्यांत, अगदी नंबरिंग मशीनचा ठसा उठावा तसा. मला त्या लाल आकड्याचं कौतुक वाटलं. खरं सांगतो, मी ती पावती प्रेसमधल्या पोराला दाखवली आणि म्हटलं, "बघ, सरकारी काम पण आता नीट करायलेत."

न बघितलेल्या गोष्टी अशा. लाल ठसा पीडीएफमध्ये येईलच कसा? नंबरिंगचा तिरका लाल आकडा कागदावर यंत्र मारतं तेव्हा येतो. संगणकानं काढलेल्या पावतीला तो मुद्दाम रंगवावा लागतो. दुसरं, खालचा गोल शिक्का 'वनपरिक्षेत्र राधानगरी'चा. चांदोली कोल्हापूरच्या उत्तरेला, राधानगरी दक्षिणेला. शिक्का मारणाऱ्यानं नकाशासुद्धा उघडला नव्हता. तिसरं, पावतीवर माणसं सात आणि रक्कम एकवीसशे, पण दर कुठंच नाही. माझ्याकडं भेळवाला बिलबुक छापायला आला तरी 'नग, दर, रक्कम' असे तीन रकाने मागतो.

रविवारी सहाला निघालो. आईनं रात्रीच भाकरी, ठेचा आणि दह्याचा डबा भरून ठेवला होता. मी म्हटलं, अगं जेवण आहे तिथं. म्हणाली, "असूदे बाळ, वज्जं हुतंय का तुला?" बांबवड्यात चहा झाला, मग वारणा ओलांडून शिराळा तालुक्यात. पाऊस असा की वायपर हरला होता. भातलावणी चाललेली, इरली घेतलेल्या बायका खाचरांत वाकलेल्या. पुतणी काचेला नाक लावून. आरळा, मणदूर करत गेटापाशी पोचलो तेव्हा नऊ वाजत आले होते. "नऊला गेटावर आमचा पोरगा पिवळ्या रेनकोटात उभा असंल", असं ठरलं होतं.

पिवळा रेनकोट नव्हता. गेट बंद. चौकीत एक वनमजूर शेगडीवर हात शेकत बसलेला. मी मोबाईल पुढं केला. त्यानं बघितलंसुद्धा नाही. "बंद हाय साहेब. ऑक्टोबरात या." मी म्हटलं, परवाना आहे आमच्याकडं. तेव्हा त्यानं मान वळवून मागं दाखवलं. झाडाखाली एक पांढरी गाडी उभी होती. इचलकरंजीचं कुटुंब, आमच्याआधी अर्धा तास आलेलं. त्या गृहस्थांनीही मोबाईल काढला. दोन्ही मोबाईल बॉनेटवर शेजारी शेजारी ठेवले, वरून पाण्याचे थेंब.

त्यांचीही पावती क्रमांक ०१४७.

पैसे गेल्याचं तेव्हा जाणवलंही नाही. पोटात खड्डा पडला तो त्या आकड्यानं. चाळीस वर्षं आमच्या घराची भाकरी ह्या एका गोष्टीवर चालते की एकाच पुस्तकात एक नंबर दोनदा येत नाही. वडील नंबरिंग झाल्यावर गठ्ठा कानाजवळ धरून फरफर उलटायचे आणि एखादं पान अडकलं तर ओळखायचे.

फोन लावला. पहिल्यांदा वाजला, मग बिझी, मग बंद.

इथवरची फसवणूक समजण्यासारखी. पुढची माझी स्वतःची कमाई.

परतताना दुपारी दुसऱ्या नंबरवरून फोन. बाई, बोलणं गोड. "सर, आमचा फील्डवरचा स्टाफ पावसात अडकला, त्याबद्दल माफी मागते. पूर्ण रिफंड देतोय. क्यूआर पाठवते, तो स्कॅन करा, रक्कम टाका दहा हजार एकशे पन्नास आणि कन्फर्म करा." गाडी एका देवळापाशी थांबवली होती, ओसरीवर आई डबा सोडत होती. मी भुकेला, चिडलेला, सगळ्यांसमोर तोंडघशी पडलेला. पैसे परत आले तर निदान तोंड वर करता येईल, एवढंच डोक्यात. स्कॅन केलं, रक्कम टाकली, पिन मारला.

पुतणी शेजारीच उभी होती. अकरावीत आहे. म्हणाली, "काका, पैसे घ्यायला पिन कशाला लागतोय?"

पिन हा पैसे पाठवायलाच लागतो. घ्यायला काही लागत नाही, स्कॅनही नाही, पिनही नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. प्रेसच्या काउंटरवर माझा स्वतःचा क्यूआर चिकटवलेला आहे, लोक स्कॅन करतात आणि पिन तेच मारतात. पण त्या क्षणी माहीत असलेलं वर आलं नाही. एकूण वीस हजार तीनशे.

भाकरी मात्र सगळ्यांनी खाल्ली. आई काही बोलली नाही, फक्त ठेच्याचा डबा माझ्याकडं सरकवला.

१९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर आहे, ही गोष्ट भावाला माहीत होती. तो गाडीतच लावतो म्हणत होता. मी नको म्हटलं. का, तर गाडीत वहिनी होत्या, आणि वीस हजाराचा आकडा मला त्यांच्यासमोर मोठ्यानं उच्चारायचा नव्हता. सोमवारी संध्याकाळी प्रेसचं शटर अर्धं ओढून लावला. पलीकडच्यानं पहिलंच विचारलं, व्यवहार किती वाजता झाला? मी म्हटलं, काल दुपारी दोनला. तो क्षणभर गप्प बसला. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतात. तक्रार लवकर गेली तर बँका ते वाटेत धरून ठेवू शकतात, उशीर झाला की एटीएममधून बाहेर. व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर, तारीख, वेळ, रक्कम विचारून घेतली आणि तक्रार क्रमांक दिला. मग पोर्टलवर स्क्रीनशॉट चढवले, पोलीस ठाण्यात अर्ज दिला. क्यूआरच्या व्यवहारातले बत्तीसशे रुपये कुठल्यातरी खात्यात गोठवलेत असा निरोप आला. हातात अजून काही नाही. इचलकरंजीच्या गृहस्थांनी गेटावरूनच, रेंज शोधत टेकाडावर चढून फोन केला होता. त्यांच्या शनिवारी दिलेल्या साडेचार हजारांतले जवळजवळ सगळे अडकवून ठेवता आले. ते माझ्यापेक्षा हुशार होते असं नाही. त्यांना लाज कमी वाटली.

मला आता कुणी विचारलं तर एवढं सांगतो. पावसात धबधबा बघायचा असेल तर राधानगरीकडं राऊतवाडी आहे, शाहूवाडीत बर्की आहे. त्याला कुणाचं पॅकेज लागत नाही. फक्त जास्त पाऊस झाला की प्रशासन तिथंही बंदी घालतं, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी पेपर बघायचा. चांदोली बघायची तर पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या आसपास; पाणी तेव्हाही असतं आणि वाटा उघडलेल्या असतात. गेट चालू आहे का हे पॅकेज विकणाऱ्याला विचारायचं नाही, वन विभागाच्या कार्यालयात विचारायचं, किंवा त्या भागातल्या कुणाही चहावाल्याला. मणदूरच्या टपरीवाल्यानं आम्हाला परतताना सांगितलंच की, "ह्या महिन्यातली ही तुमची चौथी गाडी." आणि आपल्या बोलीत बोलतो म्हणून कुणी आपला होत नाही. 'येतासा' म्हणायला शिकायला फार वेळ लागत नसावा, किंवा तो खरंच कळंब्याचा असेल. दुसरी शक्यता मला जास्त खुपते.

ते रील अजून फिरतंय. पानाचं नाव बदललंय, दर माणशी १,६५० झालाय, धबधबा तोच. मी दोनदा रिपोर्ट केलं.

इचलकरंजीच्या गृहस्थांचा सायझिंगचा, म्हणजे सुताला खळ लावायचा, धंदा आहे. गेल्या महिन्यात प्रेसवर आले, पन्नास बिलबुकांची ऑर्डर द्यायला. चहा झाला, नमुना पसंत पडला, ॲडव्हान्स रोख दिला. पावती फाडून त्यांच्या हातात दिली तर त्यांनी आधी नंबर बघितला, मग माझ्याकडं, आणि पुस्तक मागून घेऊन पुढचं पानही उलटून बघितलं.