कुत्र्याचा विमा की दरमहा बाजूला टाकलेले हजार रुपये?

आमच्या घरात दोन कुत्री आहेत आणि दोघांचा हिशेब वेगवेगळा चालतो. बंडू लॅब्रॅडॉर, सहा वर्षांचा. त्याचा विमा आहे. चिंगी गावठी, मंडईमागे एका हातगाडीखाली सापडलेली. तिच्यासाठी बँकेत आरडी आहे. सोसायटीत कुणाकडे नवीन पिल्लू आलं की हमखास विचारणा होते, ‘विमा घ्यावा का हो?’ माझं उत्तर ऐकून लोक जरा हिरमुसतात. मी म्हणते, आधी गल्ला भरा, मग विम्याचं बघू. असं का, ते बंडूच्या कोयीवरून सांगते.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. आमरसाच्या पातेल्याशेजारी ठेवलेल्या कोयींपैकी एक बंडूने अख्खी गिळली. दुसऱ्या दिवशी उलट्या, पाणीही पोटात ठरेना. रात्री अकराला कुत्र्यांच्या दवाखान्यात एक्स-रे, सोनोग्राफी, आणि कोय आतड्यात अडकल्याचं निदान. लगेच ऑपरेशन. काउंटरवरच्या मुलाने आधी अनामत मागितली. मी विम्याचं कार्ड पुढे केलं. त्याने ते उलटसुलट पाहिलं आणि नम्रपणे म्हणाला, ‘मॅडम, हे नंतर तुम्ही क्लेम करा. आत्ता यूपीआय की कार्ड?’

माणसांच्या मेडिक्लेममुळे आपल्याला कॅशलेसची सवय लागली आहे. कुत्र्यांच्या विम्यात आपल्याकडे बहुतेक ठिकाणी आधी तुम्ही भरायचं आणि मग कंपनीकडे मागायचं. म्हणजे विमा असो वा नसो, त्या रात्री पैसे तुमच्याच खात्यात असावे लागतात. विमा घेणाऱ्यालाही गल्ला लागतोच, ही गोष्ट कोटेशन देणारा माणूस सांगत नाही.

बिल झालं ४३,८०० रुपये. त्यातली घरी गेल्यावरची औषधं आणि टाके दाखवायच्या फेऱ्या (३,९००) कंपनीने धरल्या नाहीत. गळ्यातली प्लॅस्टिकची कॉलर आणि आजारी कुत्र्यांचं डबाबंद खाणं (२,३००) हेही वजा. उरलेल्या ३७,६०० वर २० टक्के को-पे, म्हणजे तेवढा वाटा माझा. हातात आले ३०,०८०, तेही पाच आठवड्यांनी. मधे एक ईमेल आली होती, ‘विमा उतरवलेला कुत्रा हाच, याचा पुरावा द्या.’ काळ्या लॅब्रॅडॉरचे आठ फोटो पाठवले. जगातले सगळे काळे लॅब्रॅडॉर फोटोत सारखेच दिसतात. शेवटी मायक्रोचिपच्या नंबराने काम झालं. पॉलिसी घेणार असाल तर चिप आधी बसवून घ्या आणि तिचा नंबर पॉलिसीवर छापून येतोय ना, ते तपासा.

चार वर्षांत प्रीमियमपोटी साधारण २४,००० गेले. म्हणजे त्या कोयीने मला सहा हजारांचा फायदा करून दिला. ती गिळली नसती तर २४,००० गेले असते आणि मला आनंदच झाला असता.

चिंगीचा हिशेब

गावठी कुत्र्याचा विमा काढायला गेलं की पहिली अडचण अर्जावरच येते: जात, जन्मतारीख, खरेदी किंमत. चिंगीची खरेदी किंमत म्हणजे एक पार्ले-जीचा पुडा. जुन्या पद्धतीच्या पॉलिसी गुराढोरांच्या विम्याच्या वळणावर बेतलेल्या असतात: जनावर मेलं की बाजारभावाप्रमाणे रक्कम, सोबत पोस्टमॉर्टेमचा दाखला. जातिवंत ब्रीडिंगचा कुत्रा असेल तर याला काही अर्थ आहे. घरातल्या कुत्र्याला नाही, कारण आपल्याला पैसे तो जगवण्यासाठी हवे असतात. उपचारांचा खर्च देणाऱ्या पॉलिसी खासगी कंपन्यांनी अलीकडे आणल्या. २०२० नंतर त्यांची बऱ्यापैकी चर्चा सुरू झाली. त्यातल्या काही कंपन्या गावठी आणि मिश्र जातीही घेतात, व्हेटने दातांवरून अंदाजे लिहिलेलं वय चालतं. तेव्हा ‘गावठीला विमा मिळतच नाही’ हे आता खरं नाही.

तरी मी चिंगीचा काढला नाही. आमच्याकडे आल्यापासून तिला दोनदा गोचीड ताप आला, एकदा पंजात काच गेली, एकदा नसबंदी झाली. नसबंदी, लसी, दात साफ करणं, जंताचं औषध हे पॉलिसीत साधारणपणे नसतंच. आणि गोचीड ताप, जो आपल्या हवेत कुत्र्यांना होणाऱ्या नेहमीच्या आजारांपैकी आहे, त्यात बहुतेक वेळा रक्त तपासतात, गोळ्या देतात आणि घरी पाठवतात. दाखल केलं नाही म्हणजे ओपीडी. मूळ पॉलिसीत ओपीडी नसते. ती वेगळे पैसे भरून घ्यावी लागते आणि तिला वर्षाची छोटी मर्यादा असते. आपल्या खिशातून वारंवार जाणारा पैसा विम्याच्या बाहेर, आणि कदाचित कधीच न येणारं ऑपरेशन आत, अशी ही रचना आहे. यात फसवणूक नाही, विम्याचा धर्मच तो. फक्त घेणाऱ्याला उलटं वाटत असतं.

तिच्यासाठी महिना हजार बाजूला टाकते. वर्षाला १२,०००, पाच वर्षांत ६०,००० आणि वर व्याज. आरडी बँकेची आहे, फोनवरून रात्री मोडता येईल अशी. पोस्टाचीही चांगली, पण ती तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही आणि कोय तेवढी थांबत नाही. गल्ल्यात खोट एकच: तो भरेपर्यंतचा काळ. पहिल्याच वर्षी चिंगीला दुचाकीने उडवलं असतं तर माझ्याकडे सात-आठ हजार असते आणि बिल पन्नासाचं.

वयाचं गणित

पिल्लू आणल्या आणल्या विमा काढला की पार्व्होची (पिल्लांच्या जीवघेण्या विषाणू-आजाराची) काळजी मिटली, असा एक समज आहे. पार्व्हो गाठतो तो मुख्यतः लसी पुऱ्या न झालेल्या पिल्लांना. बऱ्याच पॉलिसी दोन-तीन महिने वयानंतर सुरू होतात, त्यावर वेटिंग पिरियड (सुरुवातीचे काही दिवस क्लेम मिळत नाही), आणि लसीचं पुस्तक अपुरं असेल तर त्या आजाराचा क्लेम नाही. त्या आठवड्यांत पिल्लाला वाचवते ती लस.

दुसरं टोक म्हातारपणाचं. कंपनीगणिक आकडे बदलतात, पण ग्रेट डेन, सेंट बर्नार्डसारख्या अवाढव्य जातींना चारेक वर्षांनंतर आणि बाकीच्यांना सात-आठनंतर नव्याने पॉलिसी मिळणं कठीण होतं, आणि चालू असलेली पॉलिसीही पुढे कधीतरी, दहाव्या वर्षाच्या आसपास थांबते. किडनी, गाठी, सांधे हे सगळं सुरू होतं तेव्हाच. लॅब्रॅडॉर दहा-बारा वर्षं जगतो. शेवटची दोन वर्षं तुम्ही आणि तुमचा गल्ला. जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉरच्या खुब्याचा दोष किंवा पगचा श्वास यांबाबत ‘जन्मजात’ आणि ‘आधीपासूनचा आजार’ या दोन कलमांखाली काय लिहिलंय ते पॉलिसीच्या मूळ कागदात वाचा. रंगीत पत्रकात ते नसतं.

माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये आहे. तिला आमचा हा वाद कळतच नाही. तिकडे एका सीटी स्कॅनने आणि ऑपरेशनने हजारो पौंड जातात, विमा नसणं तिला बेजबाबदारपणा वाटतो. तिचं तिथे बरोबर आहे. आपल्याकडे परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे, पुण्यात औंधला सरकारी पशुचिकित्सालय आहे, शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय. २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं मोठं रुग्णालयही सुरू झालं. रांगा असतात, पहाटे निघावं लागतं. पण सरकारी ठिकाणी खर्च खासगीच्या मानाने फारच कमी. मुंबई-पुण्यात खासगी दवाखान्यातच जाणार असाल तर विम्याचं पारडं जड होतं. तालुक्याच्या गावी, जिथे रात्री ऑपरेशन करणारा डॉक्टरच शंभर किलोमीटरवर आहे, तिथे विमा काय कामाचा? गाडीभाडं तो देत नाही.

एका बाबतीत मात्र गल्ला सपशेल हरतो: तुमच्या कुत्र्याने दुसऱ्याला चावणं. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली जनावराबाबत निष्काळजीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. २०२३ मध्ये मुंबईत एका रॉटवायलरच्या मालकाला तीन महिन्यांची शिक्षा सुनावली गेली. घटना २०१० ची होती. तुरुंगवास विमा घेत नाही अंगावर, पण ज्याला चावला त्याची भरपाई ‘थर्ड पार्टी’ कलमातून निघू शकते. दांडगा कुत्रा, लिफ्टची इमारत, खाली खेळणारी मुलं असं असेल तर मी फक्त या एका कलमासाठी पॉलिसी घेईन. (आणि हो, आयकराच्या कलम ८०डी खाली कुत्र्याच्या प्रीमियमची वजावट मिळत नाही. आमच्या सीएने हे हसू दाबत सांगितलं.)

तर घेणाऱ्याने असं बघावं. पन्नास हजार आज रात्री काढून देता येतील का? नाही, तर आधी तेवढे जमवा, मधल्या काळापुरती एखाद-दोन वर्षांची पॉलिसी घ्या. देता येतील, पण दोन लाख नाहीत आणि कुत्रा तरुण, मोठ्या जातीचा आहे, तर पॉलिसी घ्या; ओपीडी सोडा, ऑपरेशनची रक्कम वाढवा. कुत्रा आठ वर्षांचा झाला असेल तर विम्याच्या मागे न लागता दर सहा महिन्यांनी रक्त तपासा. आणि क्लेम नाकारला, कंपनी उत्तरच देईना, तर विमा लोकपालाची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत. तक्रारीला फी नाही.

बंडूचं नूतनीकरण येत्या ऑगस्टमध्ये आहे, ते करणार. चिंगीची आरडी पुढच्या वर्षी पुरी होते, ती तशीच पुढे चालवणार. कोयी मात्र आता झाकणाच्या स्टीलच्या डब्यात जातात. डबा तुळशीबागेत पावणेतीनशेला मिळाला.