आठ महिने ‘गीतरत्ना’सोबत : बांधणी उसवली, पण खरी तक्रार ४:११ च्या तळटिपेची आहे

‘गीतरत्न’ हे बायबलमधलं प्रेमकाव्य. त्याची हिब्रू मजकूर आणि टिपा असलेली सुटी आवृत्ती मी आठ महिने वाचतेय. परवा आठवा अध्याय उघडला आणि पुस्तक हातातच दुभंगलं. सात अध्यायांचा गठ्ठा एका हातात, उरलेली पानं दुसऱ्या हातात. नीट बघितलं तेव्हा कळलं, आत शिवण नव्हतीच. फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, दोऱ्याने शिवण्याऐवजी पानं कापून नुसती गोंदाने चिकटवलेली. किंमत १,८५० रुपये. विक्रेत्याला फोटो पाठवले, दोनदा लिहिलं, एकदा फोन केला. परत घेण्याची मुदत दहा दिवसांची होती आणि ही ‘वापरामुळे झालेली झीज’ आहे, असं उत्तर आलं. पुस्तक रोज उघडलं जाणार हे धरूनच ते बांधायला हवं. माझा राग अजून गेलेला नाही.

शेवटी आमच्या भागातल्या बायंडरकडे नेलं. त्यांनी १५० रुपयांत बाजूने टोचून, दोऱ्याने घट्ट शिवून दिलं. आता ते सुटणार नाही, पण पूर्ण उघडतही नाही. हिब्रू मजकूर डाव्या पानावर आहे आणि ती लिपी उजवीकडून सुरू होते, त्यामुळे प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर शिवणीत जातं. पान अंगठ्याने दाबून धरावं लागतं.

बांधणीबद्दलच लिहायचं म्हणून बसले होते. पण आठ महिन्यांचा अनुभव आहे, तर सगळंच लिहिते. बांधणी १५० रुपयांत दुरुस्त झाली. तळटिपांचं तसं होणार नाही.

आधी चांगलं सांगते. स्वरचिन्हांसकट हिब्रू टाइप मोठा आणि स्वच्छ आहे. माझ्यासारख्या, दोन वर्षांपासून हळूहळू अक्षरं लावत वाचणाऱ्या माणसाला यातली ११७ वचनं झेपतात. वनस्पतींवरच्या टिपा उत्तम आहेत. १:१४ (पहिला अध्याय, चौदावं वचन) मधला ‘कोफेर’ म्हणजे एन-गेदीच्या मळ्यातली मेंदी, तिच्या फुलांचा झुबका, हे वाचून मी खूप वेळ त्या पानावर थांबले होते. ‘नेर्द’ हा शब्द संस्कृत ‘नलद’वरून फारसीमार्गे तिकडे गेला. म्हणजे आपली जटामांसी, हिमालयातली. ती वाळवून, बांधून, इतक्या लांब गेली आणि एका कवितेत जाऊन बसली.

‘बहीण’ या शब्दावरची टीपही मनापासून आवडली. चौथ्या अध्यायात तो तिला ‘माझी बहीण, माझी वधू’ म्हणतो. मराठी कानाला ते खुपतं, मलाही खुपलं. टीप सांगते की प्राचीन इजिप्तच्या प्रेमगीतांत प्रियकर-प्रेयसी एकमेकांना भाऊ-बहीण म्हणतात, आणि ती गीतं ख्रिस्तपूर्व तेराव्या-बाराव्या शतकांच्या आसपासच्या पपायरसांवर मिळाली आहेत. त्यातला ‘हॅरिस ५००’ ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याच पपायरसावर प्रेमगीतांच्या सोबतीला एक वीणावादकाचं गाणंही आहे : मेलेला कोणी परत येत नाही, सोबत काही नेता येत नाही, तेव्हा आजचा दिवस आनंदात घालव. बायबलमधलं ‘उपदेशक’ वाचलेल्या कोणालाही तो सूर ओळखीचा वाटेल. प्रेमगीत आणि जगण्याबद्दलचं चिंतन एकाच गुंडाळीवर उतरवून घेणारा कोणीतरी लेखनिक तिथे होता. ही टीप लिहिणाऱ्याला पुढे बायबलमधल्याच ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकाचा विसर कसा पडला, हे मला कळत नाही.

समासातल्या खुणांबद्दल माझं मत मध्येच बदललं. या आवृत्तीत प्रत्येक वचनाशेजारी ‘तो’, ‘ती’, ‘मैत्रिणी’, ‘भाऊ’ असं छापलंय. पहिले दोन महिने मला ते सोयीचं वाटलं. मग लक्षात आलं की ही इंग्रजीची गरज आहे, तिथे क्रियापदावरून बोलणारा पुरुष की बाई ते कळत नाही. हिब्रूत क्रियापदं आणि सर्वनामं लिंग सांगतात. ५:२ मध्ये ती म्हणते, ‘मी झोपले होते, पण मन जागं होतं.’ मराठीत ‘झोपले’ म्हटलं की बोलणारी बाई आहे हे कळलंच, हिब्रूतल्या ‘येशेना’नेही तेच होतं. जिथे मूळ मजकूर खरोखरच सांगत नाही, तिथे या खुणा जास्तीचं बोलतात. ८:८ मध्ये ‘आम्हाला एक धाकटी बहीण आहे’ असं कोण म्हणतं, हे हिब्रूत लिहिलेलं नाही. इथे मात्र ठाम अक्षरांत ‘भाऊ’ छापलंय. आता मी त्या खुणांवर कागदाची पट्टी ठेवून वाचते.

आता ४:११. तिथे तो म्हणतो : नोफेत तित्तोफ्ना सिफ्तोतायिख कल्ला. वधू, तुझ्या ओठांतून मध ठिबकतो. (इथली सगळी मराठी भाषांतरं माझी आहेत, घरच्या बायबलमधली नाहीत.) या वचनाखाली टीप आहे ती मधाच्या पोळ्यावर. चार ओळी, मधमाश्या आणि फळांचा पाक यांच्यावर.

चौथ्या महिन्यात मी नीतिसूत्रे वाचत होते, पाचवा अध्याय. बाप मुलाला बजावतोय की परक्या बाईपासून दूर राहा. आणि तिसऱ्याच वचनात : नोफेत तित्तोफ्ना सिफ्ते झारा. परक्या बाईच्या ओठांतून मध ठिबकतो. पहिले दोन शब्द अक्षरशः तेच, तिसरा तोच ‘ओठ’. फक्त शेवटी ‘कल्ला’च्या जागी ‘झारा’, वधूच्या जागी परकी. आणि पुढचं वचन सांगतं की तिचा शेवट कडू दवण्यासारखा आहे, दुधारी तलवारीसारखा.

मी उठून दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवली. मग सातवा अध्याय काढला. तिथली परकी बाई म्हणते, मी बिछान्यावर गंधरस, अगरू आणि दालचिनी शिंपडली आहे. तेच तीन सुगंध गीतरत्नाच्या ४:१४ मध्ये प्रेयसीच्या बागेत आहेत. परकी बाई म्हणते, चल, सकाळपर्यंत ‘दोदीम’, म्हणजे प्रेम, पिऊन तृप्त होऊ. गीतरत्नात ५:१ ला तोच शब्द आहे : प्या, ‘दोदीम’ने धुंद व्हा. नीतिसूत्रांतली बाई रस्त्यांवर आणि चौकांत वावरते, तरुणाला धरते, त्याचं चुंबन घेते. गीतरत्नातली बाई रात्री रस्त्यांवर आणि चौकांत शोधत फिरते, सापडल्यावर त्याला धरते आणि सोडत नाही. एकीकडे हे सगळं खिडकीतून बाहेर बघणारा, उपदेश करणारा माणूस सांगतो. दुसरीकडे ती स्वतः सांगते, तिच्या तोंडून, प्रथमपुरुषी.

यातलं काहीही या १,८५० रुपयांच्या पुस्तकात नाही. डाळिंबावर अर्धं पान आहे.

तेव्हा मी रागाच्या भरात वहीत लिहून ठेवलं होतं की नीतिसूत्रांचा बाप घाबरलेला आहे आणि गीतरत्न हे त्याला दिलेलं उत्तर आहे. हे मत आता मी मागे घेते. त्याच पाचव्या अध्यायात मी घाईने पुढे गेले होते. १५ व्या वचनापासून तोच बाप म्हणतो : आपल्याच टाक्यातलं पाणी पी, आपल्याच विहिरीतलं वाहतं पाणी. तुझा झरा आशीर्वादित असो. तरुणपणीच्या पत्नीत आनंद मान, ती प्रेमळ हरिणी आहे, तिच्या प्रेमात सदा धुंद राहा. गीतरत्नात प्रेयसी ही बंद केलेली बाग आहे, मोहोरबंद झरा आहे, जिवंत पाण्याची विहीर आहे, आणि हरिणं तर पानोपानी आहेत. उपदेश करता करता बापालाही हीच भाषा वापरावी लागली. त्याच्याकडे प्रेमासाठी वेगळे शब्द नव्हते. बहुधा ती गाणी त्याच्याही कानांवरून गेलेली असणार. कोणी कोणाचं ऐकून लिहिलं ते मी ठरवणार नाही. पण पाणी भरलंय ते एकाच विहिरीतून, एवढं मला दिसतं.

जिथे पुस्तक तुटलं तो आठवा अध्याय तर मला आधी कळलाच नव्हता. ८:६-७ वर या आवृत्तीत मोठी टीप आहे आणि ती चांगली आहे. ‘प्रेम मृत्यूसारखं बलवान आहे’ या वचनाच्या शेवटी ‘शल्हेवेतया’ असा शब्द येतो. त्यातलं ‘या’ हे देवाचं नाव असेल तर अख्ख्या काव्यात देवाचा उल्लेख होतो तो एवढाच. ‘परमेश्वराची ज्वाला’ म्हणायचं की नुसती ‘प्रचंड ज्वाला’, हा वाद जुना आहे. एकच शब्द की दोन, यावर मध्ययुगातल्या पाठपरंपराही वेगळ्या होत्या. टीप संपूर्ण पानभर या दोन अक्षरांवर आहे.

आणि त्या पानावर नीतिसूत्रांचा सहावा अध्याय नाही. तो काढून बघा. २१ वं वचन : बापाची आज्ञा आणि आईची शिकवण हृदयावर बांध. २७ वं : कपडे न जळता कोणी छातीशी विस्तव धरेल का? ३० वं : भुकेपोटी चोरी करणाऱ्याची लोक अवहेलना करत नाहीत. ३१ वं : पण सापडला तर त्याला घरातली सगळी संपत्ती द्यावी लागते. ३४ वं : मत्सर हा पुरुषाचा संताप आहे. आता गीतरत्न ८:६-७ : मला शिक्क्यासारखी हृदयावर ठेव. मत्सर अधोलोकासारखा कठोर आहे. त्याच्या ज्वाला विस्तवाच्या ज्वाला. महापुरालाही प्रेम विझवता येत नाही. घरातली सगळी संपत्ती कोणी प्रेमासाठी देऊ केली तर लोक त्याची अवहेलनाच करतील. हृदय, विस्तव, मत्सर, अवहेलना आणि ‘एत-कोल-होन बेतो’, घरातली सगळी संपत्ती. हे शेवटचे शब्द तर दोन्हीकडे जसेच्या तसे. सात अध्याय ‘मी’ आणि ‘तू’ बोलत आलेलं काव्य इथे अचानक ‘कोणी माणूस’ म्हणायला लागतं, सुभाषितासारखं. बोलणारी बाईच आहे आणि बोलण्याचा घाट ज्ञानग्रंथांचा, म्हणजे नीतिसूत्रे-उपदेशक यांसारख्या पुस्तकांचा आहे.

हे दिसल्यावर तीनदा येणारं ध्रुपदही मला वेगळं ऐकू यायला लागलं : यरुशलेमच्या मुलींनो, प्रेमाला ते स्वतः जागं होईपर्यंत जागवू नका (२:७, ३:५, ८:४). ही शिकवणच आहे. नीतिसूत्रांत बाप मुलाला शिकवतो, इथे एक मुलगी इतर मुलींना शिकवते.

यहुदी परंपरेने ही नाती ओळखली होती, तिच्या पद्धतीने. नीतिसूत्रे, उपदेशक आणि गीतरत्न तिन्ही शलमोन राजाच्या नावावर आहेत. मिद्राशात, म्हणजे रब्बींच्या (यहुदी धर्मगुरूंच्या) जुन्या टीकाग्रंथात, म्हटलंय की त्याने तारुण्यात गाणी लिहिली, मध्यमवयात नीतिसूत्रे आणि म्हातारपणी सगळं व्यर्थ म्हणणारं उपदेशक. गीतरत्न पवित्र की नाही यावर रब्बींमध्ये वाद झाला तेव्हा त्यांच्यातले अकीवा म्हणाले, सगळे लेख पवित्र आहेत, पण गीतरत्न हे परमपवित्र आहे. मद्यशाळेत आवाज लावून ते गाणाऱ्याला येणाऱ्या जगात वाटा नाही, हेही त्यांचंच. या आवृत्तीची प्रस्तावना हे दोन पानांत उरकते आणि रूपक की शुद्ध प्रेमकाव्य एवढ्याच वादावर वीस पानं देते. देव आणि इस्राएल, ख्रिस्त आणि मंडळी (चर्च), की निव्वळ स्त्री-पुरुष, यांतलं एक निवडा असा तिचा आग्रह आहे. नीतिसूत्रांशी असलेलं नातं या तिन्हींत बसत नाही, म्हणून ते वगळलं गेलं असावं, असा माझा अंदाज आहे. मराठी बायबलात तर नीतिसूत्रे, उपदेशक, गीतरत्न ही पुस्तकं त्याच क्रमाने लागून आहेत, पानं उलटली की झालं. सुटं गीतरत्न घेण्याचा तोटा मला इथेच कळला.

घ्यावं का? हिब्रू शिकत असाल आणि टाइपसाठी घेत असाल तर जुनं, निम्म्या किमतीत मिळालं तर घ्या, आणि विकत घेण्याआधी पुठ्ठा उघडून आत दोरा दिसतो का ते बघा. टिपांसाठी घेऊ नका. माझ्या प्रतीत मी पेन्सिलने स्वतःच्या टिपा घातल्या आहेत : ४:११ शेजारी नीतिसूत्रे ५:३, ४:१४ शेजारी नीतिसूत्रे ७:१७, ४:१५ शेजारी नीतिसूत्रे ५:१५. ८:७ ची ओळ शिवणीत गेली आहे, म्हणून तिथला ६:३१ वरच्या समासात लिहावा लागला. हे चारही संदर्भ प्रकाशकाला पत्राने कळवले आहेत. उत्तर आलं तर इथे लिहीन.