सहा अश्वशक्तीची मोटर आणि पाण्याची बारीक धार : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी साडेनऊच्या सुमारास, अंभोऱ्याच्या अलीकडे गोसेखुर्द धरणाच्या बुडीत पाण्यात आमची मोटर तापली आणि भर पाण्यात बंद करावी लागली. नावेत साठ किलो रोहू-कटला, थर्माकोलच्या दोन पेट्या आणि झपाट्याने वितळत चाललेला बर्फ होता. मोटरीवर वीस मिनिटांत गाठता येणारा काठ वल्ह्यांनी सव्वा तासावर गेला. नाव काठाला लागली तेव्हा व्यापाऱ्याची गाडी निघून गेली होती, आणि त्या दिवशीच्या मालाला निम्माच भाव मिळाला. हा अनुभव लिहायला मी बसलो तो त्या सकाळमुळे. मात्र त्यानंतरच्या सहा महिन्यांत माझी काही मते बदलली, आणि ती बदलली कशी हेही तितकेच स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते.

मी नागपुरात राहतो आणि कुही तालुक्यातील ढिवर बांधवांच्या एका लहान मच्छीमार संस्थेचे हिशेब पाहतो. सभासद आपापल्या डोंग्यांतून जाळी टाकतात आणि चौदा फुटांची फायबरची एक नाव सगळ्यांची मासळी गोळा करून काठावर आणते. ऑगस्ट २०२४ मध्ये या नावेसाठी आम्ही सहा अश्वशक्तीची, एका सिलिंडरची, चार स्ट्रोकची, दोरीने सुरू होणारी पेट्रोलची मोटर घेतली. हा पैसा सभासदांच्या मासळीतून किलोमागे कापून साठवलेला होता. त्यामुळे खरेदीआधी तीन महिने आणि खरेदीनंतर चौदा महिने मी त्या मोटरीच्या प्रत्येक रुपयाची नोंद ठेवली आहे.

निवड करताना आमच्यासमोर चार पर्याय होते. किनाऱ्यावर चालणारी दोन स्ट्रोकची मोटर वजनाला हलकी आणि रचनेला सोपी असते. पण तिच्या इंधनात तेल मिसळावे लागते आणि त्यातले काही न जळता पाण्यात उतरते. ज्या पाण्यातली मासळी आपण विकतो त्याच पाण्यावर तेलाचा तवंग सोडणे सभासदांना मान्य नव्हते. बॅटरीवरची मोटर शांत असते, पण भरलेली नाव वाऱ्याविरुद्ध ओढताना तिची बॅटरी किती पुरेल याचा भरवसा वाटेना. शेतीच्या पंपाचे इंजिन आणि त्याला जोडलेला लांब दांडा, ज्याला सगळे लाँगटेल म्हणतात, हा सर्वांत स्वस्त पर्याय होता. चार स्ट्रोकची मोटर सर्वांत महाग होती, तरी अर्ध्या वेगाला तासाला सव्वा लिटरच्या आसपास पेट्रोल लागेल असा अंदाज धरून आम्ही तीच घेतली. तो अंदाज आजवर खरा ठरला आहे आणि इंधनाच्या बाबतीत माझी काहीही तक्रार नाही.

बसवण्यात पहिली चूक झाली. नावेची मागची फळी पंधरा इंचांची होती आणि मोटरही पंधरा इंचांच्या, म्हणजे आखूड दांड्याची होती, त्यामुळे जोडी बरोबर जुळत होती. परंतु फळी मजबूत व्हावी म्हणून सुताराने तिच्या माथ्यावर दोन इंचांची सागाची पट्टी ठोकली आणि मोटर तेवढी वर उचलली गेली. पंख्याच्या वरची आडवी पट्टी नावेच्या तळाच्या रेषेत किंवा तिच्या इंचभर खाली असावी लागते. ती वर राहिली की पंखा पृष्ठभागावरची हवा ओढतो, इंजिनाचा आवाज एकदम चढतो आणि नाव मात्र पुढे सरकत नाही. पंधरा दिवस आम्ही त्याचा दोष पंख्याला देत होतो. सागाची पट्टी काढून ती फळीच्या आतल्या बाजूने लावताच प्रश्न मिटला.

आता ज्या गोष्टीसाठी हा सगळा मजकूर लिहितो आहे, तिच्याकडे येतो. मोटर सुरू झाली की तिच्या मागच्या बाजूने, दोऱ्याहून थोडी जाड अशी पाण्याची एक धार सतत बाहेर पडत असते. पत्रकात तिचा उल्लेख एका ओळीत आहे, पण या मोटरीत तिच्याइतकी महत्त्वाची दुसरी खूण नाही. इंजिन थंड ठेवणारे पाणी वर पोहोचते आहे, एवढेच ती सांगते, आणि आमच्या मोटरीला तापल्याची सूचना देणारा दिवा किंवा भोंगा नाही. हे पाणी वर चढवणारा इम्पेलर म्हणजे मुठीत मावेल एवढे पात्यांचे रबरी चाक. ते गिअरच्या पेटीच्या वर, उभ्या दांड्यावरच बसवलेले असते आणि इंजिनाबरोबर फिरते. ज्या वाटीत ते फिरते ती मुद्दाम एका बाजूला सरकवलेली असते. त्यामुळे पाती एका बाजूला दुमडतात, दुसऱ्या बाजूला उलगडतात, आणि त्या दुमडण्या-उलगडण्यातून पाणी ओढले आणि ढकलले जाते. या रबराला वंगण म्हणून पाण्याशिवाय दुसरे काहीही नसते. पाणी नसताना ते फिरले तर मिनिटभरातसुद्धा करपू शकते.

त्या सकाळी नाव चालवणारा सभासद मला फोनवर म्हणाला, ‘‘भाऊ, धार बारीक झाली होती जी, पण नाव तर चालूनच राह्यली होती.’’ त्याला दोष देता येत नाही, कारण धारेकडे पाहत राहायचे असते हे आम्ही त्याला कधी सांगितलेच नव्हते. मोटर नागपूरला आणून खालचा भाग उतरवला, तेव्हा पाणी आत घेणारी जाळी जलपर्णीच्या केसांसारख्या मुळांनी आणि पॉलिथिनच्या चिंध्यांनी गच्च भरलेली दिसली. इम्पेलरची तीन पाती मुळापासून तुटली होती. तुटलेल्या पात्यांचे तुकडे पाण्याच्या नळीतून वर गेलेले असतात. ते शोधून काढल्याशिवाय नवा इम्पेलर बसवण्यात अर्थ नसतो, कारण तेच तुकडे पुढे थर्मोस्टॅटपाशी, म्हणजे इंजिनाचे तापमान राखणाऱ्या झडपेपाशी, अडकून पाणी अडवतात. आम्ही सगळे तुकडे वर्तमानपत्रावर मांडून जुन्या चाकाशी जुळवले. दोन पाती पूर्ण झाली. तिसऱ्या पात्याचा नखाएवढा तुकडा थर्मोस्टॅटच्या झाकणाखाली सापडला.

यानंतर विक्रेत्याशी जो वाद झाला, त्याने मला मोटरीपेक्षा जास्त थकवले. विक्रेता मुंबईचा, ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग संपला तरी त्यापुढे शहरातला रस्ता उरतो, इतका तो आमच्यापासून दूर. त्याचे म्हणणे असे, की संपूर्ण मोटर पेट्रोल आणि तेल काढून, खोक्यात भरून पाठवा. आणि इम्पेलर हा झिजणारा भाग असल्यामुळे हमीत बसत नाही. जो भाग हमीत बसत नाही त्याच्यासाठी दोन्ही बाजूंचे भाडे भरून सगळी मोटर का पाठवायची, या माझ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. शेवटी फक्त पंपाचा संच पाठवण्याचे कबूल झाले. आलेला संच वरच्या अश्वशक्तीच्या मॉडेलचा निघाला. बरोबर संच हातात पडायला एकूण तेवीस दिवस लागले, आणि तेवीसही दिवस चैत्र-वैशाखाच्या उन्हात माणसांनी वल्ही मारली. मोटर विकताना तिचा क्रमांक लिहून घेणाऱ्या माणसाने सुटा भाग पाठवताना तोच क्रमांक पाहू नये, हे मला आजही पटत नाही.

त्या रागात मी लाँगटेलचा पक्षपाती झालो होतो. त्याचे इंजिन हवेने थंड होते, त्यामुळे इम्पेलर नाही, धार नाही आणि जलपर्णीची भीती नाही. शिवाय गावातला पंपाचा मिस्त्रीही ते उघडू शकतो. आम्ही एक लाँगटेल आठवडाभर भाड्याने आणून पाहिले. बुडालेल्या बांधांवरच्या बाभळींचे खुंट आडवे आले की दांडा चटकन वर उचलता येतो, ही त्याची खरी सोय आहे. परंतु मासळी गोळा करताना नाव प्रत्येक डोंग्यापाशी थांबवावी लागते, आणि त्या यंत्राला ना मागे जाण्याचा गिअर, ना पंखा थांबवून इंजिन चालू ठेवण्याची सोय. लांब दांड्याचा उघडा पंखा डोंग्यांच्या आणि जाळ्यांच्या जवळ फिरताना पाहून सभासदांनीच नकार दिला. मोकळ्या पाण्यात सरळ ये-जा करणाऱ्याने लाँगटेलचा विचार जरूर करावा. आमच्या कामाला ते योग्य नव्हते.

माझे मत पूर्णपणे बदलले ते मे महिन्यात, नवा इम्पेलर बसवताना. जुना इम्पेलर भिंगाखाली पाहिला, तेव्हा तुटलेल्या पात्यांच्याच नव्हे, तर शाबूत पात्यांच्याही कडा काळ्या, चकचकीत आणि कडक झालेल्या दिसल्या. असे रबर फक्त कचऱ्याने होत नाही. ते कोरड्या घर्षणाने होते. मग मला ऑगस्टमधला तो दिवस आठवला. मोटर आली, घरच्या अंगणात स्टँडवर लावली, नारळ फोडला, आणि सर्वांना आवाज ऐकता यावा म्हणून पाण्याच्या ड्रमाशिवायच ती सुरू केली. एक मिनिट चालली असेल, कदाचित थोडी जास्त. नंतर बहुधा आणखी एकदा कोणाला तरी दाखवण्यासाठी. शिवाय मोटर उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नये, हेही तेव्हा ठाऊक नव्हते. नागपूरच्या उन्हाने रबर कडक व्हायला वेळ लागत नाही. जलपर्णीने आमचा इम्पेलर संपवला हे खरे, पण त्याला पहिली इजा आम्हीच केली होती. विक्रेत्यावरचा माझा राग चुकीच्या संचापुरता आणि तेवीस दिवसांपुरता कायम आहे. ‘दहा महिनेही न टिकणारा माल दिला’ हा जो आरोप मी त्याला लिहून पाठवला होता, तो मी लेखी मागे घेतला आहे.

पॉलिथिनच्या चिंध्यांबद्दल मात्र मला स्वस्थ बसवत नाही. ज्या नाग नदीवरून आमच्या शहराला नाव मिळाले, तीच शहराचे सांडपाणी आणि कचरा घेऊन कन्हान नदीला मिळते, आणि कन्हान अंभोऱ्यापाशी वैनगंगेत येते. मोटरीच्या जाळीत अडकलेल्या पिशवीच्या तुकड्यावर नागपुरातल्या एका मिठाईच्या दुकानाच्या नावाची दोन अक्षरे वाचता येत होती. जलपर्णी जी एवढी फोफावते, तीही त्याच सांडपाण्याच्या खतावर. म्हणजे कुहीच्या सभासदाची नाव माझ्या शहराच्या कचऱ्याने थांबली होती, आणि तिचा दुरुस्तीचा हिशेब मी त्याच शहरात बसून लिहीत होतो.

आता पद्धत अशी ठरली आहे. दोनशे लिटरचा ड्रम अर्ध्याहून अधिक, पंपाच्या वरपर्यंत भरल्याशिवाय मोटर सुरू होत नाही. पाण्यात असताना दर पाच मिनिटांनी धार पाहायची. ती बारीक किंवा गरम झाली, तर इंजिन लगेच बंद करून मोटर वर उचलायची आणि जाळी हाताने साफ करायची. धारेच्या छिद्रात कधी कधी चिखलच बसलेला असतो. त्यासाठी तंगुसाचा, म्हणजे जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याचा, जाड तुकडा मोटरीला बांधून ठेवला आहे. नवा इम्पेलर बसवताना दांडा फक्त घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून पाती वाटीत घालायची, उलट फिरवायची नाहीत. आणि त्याला दांड्याशी जखडणारी धातूची छोटी चावी ग्रीसच्या ठिपक्याने जागी चिकटवायची, नाहीतर ती घरंगळून हरवते.

तंगुसाचा उल्लेख आला म्हणून आणखी एक सांगतो. जाळ्यांच्या पाण्यात चालणाऱ्या मोटरीचा पंखा महिन्यातून एकदा काढून पाहावा. पंख्यामागे गुंडाळलेला तंगूस तेलाचे सील कापतो आणि गिअरच्या पेटीत पाणी शिरते. खालचा स्क्रू सैल केल्यावर तेल ताकासारखे पांढरट आले, तर सील गेले असे समजावे. आमचे एकदा गेले. हिंगणा एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये त्याच मापाचे सील मिळाले आणि ते आजही टिकून आहे. तेल भरताना खालच्या छिद्रातून वर भरत न्यावे, म्हणजे आत हवा अडकत नाही.

पेट्रोलबद्दल थोडक्यात. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि ते हवेतला ओलावा ओढते. आठवड्यापेक्षा जास्त मोटर उभी राहणार असेल, तर आम्ही कार्बुरेटरच्या तळाचा स्क्रू उघडून त्यातले पेट्रोल काढून टाकतो; एकदा हे न केल्यामुळे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र, चिकटला होता. मोटर आडवी ठेवताना हँडल कोणत्या बाजूला असावे हे पुस्तिकेत दिलेले असते. चुकीच्या बाजूला ठेवली तर तेल सिलिंडरमध्ये उतरते. मोटरीला गंजापासून वाचवणारी जस्ताची संरक्षक पट्टी समुद्रासाठी चांगली, पण गोड्या पाण्यात तिच्यावर थर बसून तिचे काम थांबते. म्हणून पुढच्या वेळी ॲल्युमिनियमची घेणार आहे.

मागच्या रविवारी, एकूण १५२ तासांनंतर, पंप पुन्हा उघडला. मेमध्ये बसवलेल्या इम्पेलरची सगळी पाती शाबूत होती, एक किंचित वाकलेले होते, आणि जाळीत जलपर्णीची चार-पाच मुळे होती. तो तसाच परत बसवला. संस्थेने दुसऱ्या नावेसाठी मोटर घ्यायचे ठरवले आहे. मी याच कंपनीचे, याच अश्वशक्तीचे मॉडेल सुचवले, म्हणजे पंपाचा एकच संच दोन्ही मोटरींना चालेल. आणि त्याच बिलात तीन संच, मोटरीच्या क्रमांकाची खात्री करून, आधी हातात द्यावेत, अशी अट पत्रात लिहिली आहे. विक्रेत्याचे उत्तर अजून आलेले नाही. जुना संच माझ्या घरी, कपाटाच्या सर्वांत खालच्या, गार खणात ठेवला आहे.