सीएमए की राखीव मेमरी: कॅमेऱ्याच्या बफरसाठी काय निवडावे?

लिनक्स चालवणाऱ्या एआरएम बोर्डावर आयओएमएमयूविना (विखुरलेली मेमरी उपकरणाला सलग भासवणाऱ्या हार्डवेअरविना) कॅमेरा जोडायचा असेल, तर सलग भौतिक मेमरी कोठून घ्यायची हे ड्रायव्हरला हात घालण्याआधीच ठरवावे लागते. ४ केबीची पेज (मेमरीचे समान तुकडे) असलेल्या नेहमीच्या कर्नलमध्ये बडी अलोकेटर, म्हणजे मेमरीचे मुख्य वाटप करणारा भाग, एका वेळी जास्तीत जास्त ४ एमबी सलग देतो, आणि ४के आकाराच्या, एनव्ही१२ या रंगमांडणीतील एका फ्रेमला सुमारे १२ एमबी जागा लागते. त्यामुळे निवड दोहोंतच उरते: डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावरील हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये) नो-मॅप लिहून कायमची बाजूला काढलेली राखीव मेमरी, किंवा सीएमए, म्हणजे कंटिग्युअस मेमरी अलोकेटर, जो राखलेली जागा मधल्या काळात इतरांना वापरू देतो आणि हवी तेव्हा रिकामी करून घेतो.

दोन्ही जागा बूटच्या अगदी सुरुवातीला, मेमब्लॉकच्या (बूटपुरत्या मेमरी व्यवस्थापकाच्या) कारभारात ठरतात. पुढे मेमब्लॉक उरलेली मेमरी बडीच्या हवाली करतो, तेव्हा नो-मॅप पट्टा त्यात नसतो. सीएमएचा पट्टा मात्र कोअर इनिटकॉलच्या (बूटमधील एका सुरुवातीच्या टप्प्याच्या) वेळी बडीला परत मिळतो. अट एवढीच, की तिथे फक्त हलवता येण्याजोगी पेज ठेवायची. ड्रायव्हरचे प्रोब (उपकरण ओळखून सुरू करणे) सहसा यानंतर होते आणि त्या वेळी पट्टा बहुतेक रिकामाच असतो, म्हणून नुकत्याच बूट केलेल्या बोर्डावर चाचणी घेणाऱ्याला या दोहोंत फारसा फरक जाणवत नाही.

सीएमएची बाजू लंगडी मुळीच नाही. २०१२ मध्ये ३.५ या आवृत्तीत ते कर्नलमध्ये आले, ते मुख्यतः राखीव मेमरी निष्कारण पडून राहू नये म्हणूनच. ५१२ एमबीच्या बोर्डावर ६४ एमबी बाजूला काढणे म्हणजे एक-अष्टमांश मेमरी कायमची गमावणे होय. शिवाय सीएमएचा आकार कर्नलच्या कमांड लाइनवरून बदलता येतो. राखीव पट्ट्यासाठी डिव्हाइस ट्री नव्याने बांधावी लागते. नो-मॅप पट्ट्यातून मिळालेले बफर सीपीयूला सहसा कॅशविना दिसतात, त्यामुळे फ्रेमवर सीपीयूनेच प्रक्रिया करायची असेल तर वाचन कंटाळवाणे होते.

एवढे असूनही माझा कौल राखीव पट्ट्याकडे फिरला तो एकाच त्रासामुळे. उपकरण बराच काळ चालू राहिले, एसडी कार्डावर चित्रण लिहिले जात असताना कॅमेरा बंद करून पुन्हा उघडला, की क्वचित सीएमएचे वाटप उणे १६ हा त्रुटी-क्रमांक देऊन फसत असे. उणे १२ असते तर मेमरी कमी पडली असे म्हणून आकार वाढवता आला असता. उणे १६ म्हणजे जागा अडलेली आहे. कर्नलच्या मेमइन्फो या मेमरीच्या अहवालातील सीएमएफ्रीचा आकडा मात्र गरजेच्या कितीतरी पट दिसत असे, कारण तो मोकळी पेज मोजतो, ती सलग आहेत की नाहीत हे सांगत नाही. एसटीतील आपल्या आरक्षित आसनावर मागच्या थांब्यापासून कोणी बसलेले असावे, तसा हा प्रकार आहे: बहुतेक जण उठतात, पण ज्या पेजवर त्या क्षणी कार्डाचे लेखन चालू आहे ते उठत नाही, आणि त्या एकासाठी सगळी सलग जागा अडते. पुन्हा प्रयत्न केल्यावर बहुधा जमते, आणि म्हणूनच हा दोष टेबलावर हाती लागत नाही.

प्रोबच्या वेळीच सीएमएमधून सारे बफर घेऊन ते शेवटपर्यंत धरून ठेवणे हा मधला मार्ग आहे आणि तो चालतो. पण मग ती मेमरी तशीही इतरांना मिळत नाही, म्हणजे सीएमए घेण्याचे मुख्य कारणच निघून जाते. राखीव पट्ट्यात काही चुकले, तर ते बूटच्या लॉगमध्ये किंवा फार तर प्रोबपाशी, बोर्ड आपल्यासमोर असतानाच कळते. ग्राहकाच्या जागी बसवायच्या उपकरणासाठी मला हे अधिक मोलाचे वाटते.

अर्थात, कॅमेरा दिवसातून एखाददुसऱ्या वेळीच लागत असेल, अपयश आल्यास पुन्हा प्रयत्न करणे परवडत असेल आणि बोर्डावर मेमरी तुटपुंजी असेल, तर सीएमए घेणाऱ्याला मी अडवणार नाही. १ जीबी किंवा त्याहून अधिक मेमरी असेल, तर मात्र ६४ एमबी राखीव पट्ट्यासाठी सोडून द्यावेत असे मी सुचवेन. पट्ट्याचा पत्ता कोठे असावा याची हार्डवेअरची सक्ती असेल, तर नोंदीत नुसता आकार न देता पत्ताही द्यावा.